दोन्ही फ्लॉप्यांची पूजा

केज,
नोव्हेंबर २००२

प्रिय स्वप्नाली,

आशीर्वाद. सासूचं पत्र बघून दचकू नकोस. लग्न होऊन आल्यापासून मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, कारण तू समोरच होतीस, आणि समोरच्या माणसाशी मी काय बोलते ते तुला ठाऊक आहे. त्यातलं निम्मं 'झालं का न्हाई अजून?' एवढंच असतं. आता तू सोलापूरला माहेरी जाऊन बसलीस, दिवाळीही तिकडंच केलीस, आणि तू परत येणार की नाही हे गल्लीतली प्रत्येक बाई मला विचारते. मी म्हणते, येणार की, कावून न्हाई येणार? पण खरं सांगू का, मलाच ते माहीत नाही. सोमेश्वरला विचारायची सोय नाही, विषय काढला की ताटावरून उठतो. नवरा-बायकोच्या भांडणात सासूनं पडू नये, असं मी स्वतःला सांगत राहिले. पडले नाही, तेच चुकलं.

आधी इकडची खबरबात सांगते, म्हणजे हात जरा सैल होईल. स्टँडाजवळची चिंच पाडली, जीपवाल्यांना उभं राहायला जागा पाहिजे म्हणून. छबुबाईच्या म्हशीला रेडकू झालं, तेही नर, तर आठवडाभर तोंड पाडून बसलीय. छबुबाई, म्हैस नव्हे. लाइटचं तेच चाललंय, सकाळी जाते, दुपारी येते, पुन्हा जाते. गेली की तुझा तो यूपीएस टँ टँ ओरडतो. पूर्वी त्या आवाजाचा मला संताप यायचा. आता भ्या वाटतं. कावून ते पुढं सांगते.

तुझ्या सासऱ्यांनी लग्न जुळवायचं काम सुरू केलं ते कापडाच्या दुकानातून, हे मी तुला शंभरदा ऐकवलंय. बस्ता बांधायला आलेली माणसं म्हणायची, बसप्पा, धाकटीसाठी एखादं स्थळ बघा की. ते चिठ्ठीवर नाव, गाव, शिक्षण लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचे, आणि कुणाचं कुणाशी जमेल ते डोक्यात ठेवायचे. ते गेले, डबा राहिला. डब्याला काय कळतंय! मग तू आलीस, सोलापुरात कॉम्प्युटर शिकलेली. मी तेव्हा नाक मुरडलं होतं, ते तू बघितलं होतंस आणि दाखवलं नव्हतंस. पोरीला भाकरी थापता येते का, हे मी विचारायच्या आत सोमेश्वर म्हणाला, हिला वेबसाइट बनवता येते. मी म्हटलं, भाजून खायची का उकडून? पण तू करून दाखवलंस. आपल्या वधू-वर केंद्राचं नाव इंटरनेटवर आलं, पुण्या-मुंबईकडची माणसं केजच्या कापडदुकानाला स्थळं विचारायला लागली. फॉर्म तिकडंच भरायचे, चिठ्ठी नाही की डबा नाही. सगळं तुझ्या त्या डेटाबेसमध्ये.

तो डेटाबेस म्हणजे काय, हे तू मला पोळ्या लाटता लाटता समजावलं होतंस. म्हणालीस, आत्या, समजा तुम्ही मोठी वही लिहिताय आणि मधेच कुणी हात ओढला, तर ओळ अर्धी राहते. माणसाला कळतं आपण कुठं थांबलो ते, मशीनला कळत नाही. मग ती एकाचं गाव दुसऱ्याला लावते, नाहीतर वहीच उघडत नाही. म्हणून तुझे नियम. काम चालू असताना बटणाला हात लावायचा नाही. बंद करायचं ते आतून, आणि 'आता बंद केलं तरी चालेल' असं पडद्यावर येईपर्यंत दम धरायचा. वीज गेली तर यूपीएसच्या जोरावर तेवढं आवरून घ्यायचं. रोज संध्याकाळी सगळ्याची नक्कल दोन फ्लॉप्यांवर, एक आपल्या कपाटात आणि एक शेजारी छबुबाईच्या घरी. आग लागो नाहीतर चोरी होवो, एक तरी वाचेल. मी किती हसले होते तेव्हा! छबुबाई ती फ्लॉपी गव्हाच्या कोठीवर ठेवायची आणि आल्यागेल्याला दाखवायची, ह्याच्यात सगळ्या लिंगायताच्या पोरी हायेत म्हणून.

आता खंडेनवमी. हेच लिहायचं टाळत होते म्हणून म्हशीपर्यंत जाऊन आले.

आपल्याकडं त्या दिवशी हत्यार निजलेलं पाहिजे. कापड मोजायचा गज, कात्री, तराजू, शिलाई मशीन, सगळं पुसून, विभूती लावून पाटावर ठेवायचं आणि त्या दिवशी कुणालाच कामाला लावायचं नाही. मी तर त्या दिवशी कात्रीनं दोरासुद्धा कापू देत नाही. तू सकाळी मशीन चालू केलंस आणि देवळात निघालीस. जाताना म्हणालीस, आत्या, ह्याच्या आत साफसफाई चाललीय, हात लावू नका, मी येऊन बंद करते, मग पूजेला घ्या. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं गं. पण तेवढ्यात पूजा सांगायला स्वामी आले. त्यांना अजून बरीच घरं करायची होती. पाटावर सगळी हत्यारं गपगार निजलेली आणि हे एकटंच घरघरतंय, पडद्यावर निळी पट्टी सरकतीय. स्वामींनी नुसतं तिकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भिंतीवरचं बटण दाबलं. तर तो यूपीएस बोंबलायला लागला, आणि इकडं मंत्र चाललेला! मग त्याचंही बटण दाबलं. सगळं गप्प झालं. मला वाटलं, झोपलं बाई एकदाचं.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, फ्लॉप्या होत्या ना. पण माझी अक्कल! मला वाटलं, पूर्वी आपण वहीला विभूती लावायचो, आता वही आहे कुठं? वही तर त्या फ्लॉपीत. आणि वरच्या प्लॅस्टिकला विभूती लावून काय उपयोग, वहीच्या पुठ्ठ्याला कुणी लावतं का? आतल्या पहिल्या पानाला लावतात. तू मला एकदा तो पत्र्याचा पडदा सरकवून आतली काळी चकती दाखवली होतीस, सगळं ह्याच्यावर लिहिलेलं असतं म्हणून. मी तो पडदा सरकवला आणि ओल्या विभूतीचे तीन पट्टे थेट चकतीवर ओढले, वर कुंकवाचं बोट. मग मनाला लागून राहिलं की एकीची पूजा झाली आणि दुसरी बिचारी कोठीवर बसलीय. मी स्वतः उठून गेले, छबुबाईकडून तिलाही आणलं आणि तिलाही पट्टे ओढले. एवढी समान वागणूक मी माझ्या दोन नणंदांना जन्मात दिली नाही. दोन्ही वाळू दिल्या, पडदे लावले, जागच्या जागी ठेवल्या. तू देवळातून आलीस तेव्हा मी प्रसाद वाटत होते, आणि मशीन मीच नीट झोपवलं म्हणून वर तुला सांगणारही होते. मग म्हटलं जाऊ दे, पोरगी उगीच बडबड करेल. बंद मशीन बघून तुला लाइट गेली असेल असं वाटलं असणार.

दसरा झाल्यावर तू कामाला बसलीस आणि ते उघडेना. मी उंबऱ्यात शेंगा फोडत होते. तू कपाटातली फ्लॉपी घातलीस, मशीन नुसतं खरखरलं. छबुबाईकडची आणलीस, तिचंही तेच. मग तू पत्र्याचा पडदा सरकवलास. मी बघत होते, स्वप्नाली. तू फुंकर मारलीस, राख उडाली, तुझ्या बोटाला कुंकू लागलं. तू ते बोट बघितलंस आणि मग माझ्याकडं बघितलंस. मी शेंगांच्या टोपल्यात तोंड घातलं. तेवढ्यात सोमेश्वर आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. तू पदराला बोट पुसलंस आणि म्हणालीस, फ्लॉप्या जुन्या झाल्या होत्या, गेल्या. माझ्यासाठी तू खोटं बोललीस. मला ते तिथल्या तिथं कळलं, आणि मी तुला साधं 'चहा घेतीस का' एवढंही विचारलं नाही. उलट बरं वाटलं, सुटले म्हणून. ते बरं वाटलं होतं, तेच आता मला खातंय.

पुढचं सगळं त्या तुझ्या एका खोट्यावर रचलं गेलं. तू ती मोडकी वही दुरुस्तीला लावलीस. बरीच नावं परत आली, पण कुणाचा शेरा कुणाला चिकटला ते कळेना. तू सोमेश्वरला बजावलंस, हे साइटवर टाकू नका, तिथं दसऱ्याआधीची चांगली प्रत आहे, सकाळी लाइन चांगली लागते तेव्हा मी ती उतरवून घेते आणि एकेक नाव ताडून बघते. पण त्याला दम कुठला! तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघणार, लोकांचे फोनवर फोन. तू दळण आणायला गेलीस आणि त्यानं ते मोडकंच वर चढवलं. चांगली होती ती प्रत त्याच्याखाली पुसली गेली. त्यानं मुद्दाम केलं नाही, हे मला माहीत आहे. पण तू नको म्हणाली होतीस, ते त्यानं ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं.

आणि त्यात सापडली आष्टीची शिवकन्या. डी.एड. झालेली, हसरी पोरगी, बार्शीच्या मुलाशी ठरल्यात जमा होतं. साइटवर तिच्या नावापुढं दुसऱ्याच कुणाचा शेरा आला, पहिलं लग्न मोडलेलं म्हणून. मुलाकडच्यांनी वाचलं आणि एका शब्दानं न विचारता नकार कळवला. तिचे वडील संगमेश्वरप्पा दुकानात शिरले ते ओरडतच. गिऱ्हाईक बसलेलं, बस्ता उलगडलेला. आमच्या लेकीचं कुठलं लगीन मोडलंय ते दाखवा बे, म्हणत होते, आणि म्हणता म्हणता रडायला लागले. सोमेश्वर घाबरला आणि घाबरून त्यानं तुला पुढं केलं. म्हणाला, सगळं हीच बघती, हिनंच सणाच्या गडबडीत मशीन नीट बंद केलं न्हाई, आणि फ्लॉप्या जुन्या झालत्या तर नव्या घ्यायला हिला कुणी अडवलतं? तू दाराशी उभी होतीस. तू एकदाच माझ्याकडं बघितलंस. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी संगमेश्वरप्पांना चहा दिला, गिऱ्हाइकाला दिला, आणि आत गेले. तू त्याच दिवशी बॅग भरलीस, माझ्या पाया पडलीस आणि सोलापूरच्या गाडीत बसलीस. पाया पडायची काय गरज होती गं? चार शब्द सुनावले असतेस, तर मला बरं वाटलं असतं.

कपिलधारच्या यात्रेला ह्या वर्षीही गेले. बायका धबधब्याखाली भिजत होत्या, मी बाहेर दगडावर बसून राहिले. काय मागावं तेच सुचेना. माझ्या सुनेला सुखात ठेव म्हणावं, तर तिला दुःखात मीच ढकललं होतं. बीडला आल्यावर सगळ्या जणी केजच्या गाडीत चढल्या, मी बहिणीकडं जाते म्हणून सांगितलं आणि आष्टीची गाडी धरली. संगमेश्वरप्पांच्या ओट्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं, बटण, यूपीएस, विभूती, दोन्ही फ्लॉप्या. ते आधी डोळे वटारून ऐकत होते. फ्लॉपीच्या कुंकवापर्यंत आल्यावर त्यांच्या मंडळींना हसू आवरेना, मग मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता मी लई रडले. मी म्हटलं, बार्शीला मी स्वतः जाते, त्यांच्या पाया पडते, चूक माझी म्हणून सांगते. तर शिवकन्या आतून आली आणि म्हणाली, नका जाऊ मावशी, ज्यांनी मला एकदा विचारलंसुद्धा न्हाई, खरं का खोटं, त्यांच्या घरी मी नांदायला जाणार न्हाई. तिचे वडील तिच्यावर खेकसले, पण ती ऐकेना. मी पाणी पिऊन उठले. जीपमध्ये सगळ्या वाटेनं मला तूच दिसत होतीस, कारण तुलाही कुणी विचारलं नव्हतं.

परक्याच्या ओट्यावर जे बोलले, ते घरी येऊन पोटच्या पोराला सांगायला जीभ रेटेना. किती वेळा ठरवलं. तो जेवायला बसला की तोंड उघडते, आणि भाकरी वाढू का म्हणून विचारते. भ्या कशाचं, तेही सांगते, आता तुझ्यापाशी काय लपवायचं. ह्यांच्या माघारी दुकान मी उभं ठेवलं. आमची आई लई शहाणी, असं तो चारचौघांत सांगतो, आणि मला ते ऐकायची सवय लागलीय. मला वाटलं, सून चुकली तर लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. शांतादेवीनं कॉम्प्युटरला कुंकू लावून वाटोळं केलं, हे केजात कोण विसरणार? माझं हसं होऊ नये म्हणून मी तुझा संसार पणाला लावला. बघ, किती लहान गोष्टीसाठी. लाज वाटते लिहितानासुद्धा.

हल्ली सकाळी मीच मशीनसमोर बसते. हसायचं असेल तर हस. एका बोटानं टाइप करते. जुन्या डब्यातल्या चिठ्ठ्या घेतल्या, ज्यांचे फोन नंबर वाचले त्यांना फोन लावते, नाव, गाव, शिक्षण पुन्हा विचारते आणि लिहिलेलं वाचून दाखवते, बरोबर हाय का म्हणून. लोक वैतागतात. एक जण म्हणाला, अहो, माझ्या पोरीला आता पोर झालंय. मी अभिनंदन केलं आणि नाव काढलं. संध्याकाळी नक्कल काढते, आता तीन फ्लॉप्यांवर, तिसरी बीडला माझ्या भावाकडं जाते. आणि नुसती काढून ठेवत नाही, घालून, उघडून बघते. तू म्हणायचीस ना, उघडून न बघितलेल्या नकलेचा भरवसा धरायचा नाही. मग आतून बंद करते आणि पडद्यावर ते वाक्य येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसते. विभूतीला त्या खोलीत बंदी आहे. परवा स्वामी आले, त्यांना ओसरीवरच चहा दिला. त्यांचा चेहरा जरा उतरला, उतरू दे.

आता हे पत्र कावून लिहिलं ते. उद्या सकाळच्या गाडीनं सोमेश्वर सोलापूरला येतोय, तुला न्यायला. आज जेवताना म्हणाला, आई, झालं गेलं, माणूस चुकतंच, मी तिला माफ केलंय. छबुबाई शेजारीच बसलेली, ती म्हणाली, किती मोठ्या मनाचं लेकरू हाय. आणि ह्यानं मान खाली घालून ते मोठं मन आपलं म्हणून घेतलंसुद्धा! तरी तोंडानं सांगायला मी आजही भ्यालेच. म्हणून तो माल बघायला गेलाय तोवर हे लिहून काढतेय. पत्र त्याच्याच हातात देणार आहे आणि पाकीट चिकटवणार नाही. उघडं पाकीट हातात असलं की त्याला चैन पडत नाही, लहानपणी शाळेतल्या बाईंनी माझ्यासाठी दिलेली चिठ्ठीसुद्धा वाटेत वाचायचा. कळंबच्या पुढं कुठंतरी हेही वाचेल. सोम्या, वाचत असशील तर मधल्या स्टँडवर उतरून माझ्याशी भांडायला परत येऊ नकोस. भांडायला मी इथं आहेच, तू तिच्याकडं जा आणि तिथं जाऊन आधी तिला विचार. आणि स्वप्नाली, तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी कुणाचीच वकिली करत नाही. पण तो न वाचता आला आणि दारात उभा राहून तुला माफ करायला लागला, तर बाई, ती माफी घेऊ नकोस. आधी हे पत्र त्याच्या हातात दे. ती माफी तुझ्यासाठी नाहीच. ती मला पाहिजे, त्याच्याकडून नव्हे, तुझ्याकडून, आणि मी ती मागितली नाही म्हणून तो उद्या ती तुलाच द्यायला निघालाय.

तुझीच, तुझ्यापुढं मान खाली घातलेली,
आत्या